काहिलीजवळची तिपाई

एमेरान्स बोल्द्युकनं अठ्ठेचाळीस वर्षं मेपलच्या झाडांच्या रसाचा पाक उतरवला आणि त्या अठ्ठेचाळीस वर्षांत आपल्या काहिलीतला एक थेंब जिभेला लावला नाही. परक्याला वाटावं, म्हातारी थापा मारतेय. पण बोसच्या टेकडीवर आमची चौथी रांग आहे, एकाच रस्त्याला चिकटून बसलेली चौदा शेतघरं, तिथं कुणालाही विचारा. पाद्रीबाबासुद्धा शपथेवर सांगतील. बरं, बाई काही उपासतापासवाली नव्हती. मटाराच्या सुपात डुकराची चरबी अंमळ जास्तच घालायची, आणि ईस्टरला हॅमचा कुरकुरीत काठ दुसऱ्या कुणाला मिळू द्यायची नाही. फक्त पाकाच्या बाबतीत तोंड शिवलेलं.

ही रीत तिच्या सासऱ्याची, माग्लोआर बोल्द्युकची. म्हातारा मोठा खडूस. तो म्हणायचा, "ज्याच्या हातात डाव, त्यानं चाखायचं नाही. चाखून चाखून जीभ लाडावते आणि लाडावलेली जीभ खरं बोलत नाही." रानातल्या त्याच्या खोपटात चुलाणावर बुडाला तोटी असलेली लांबलचक काहील होती, आणि काहिलीशेजारी एक तीन पायांची तिपाई. त्या तिपाईवर पाक उतरवणाऱ्याखेरीज कुणी बुड टेकायचं नाही. बिशपनंही नाही.

एकोणीसशे अकराच्या मार्चमध्ये त्या खोपटाची पार दैना झाली. माग्लोआरचे हात कापायला लागले होते. म्हणून त्या वर्षी डाव एमेरान्सच्या नवऱ्यानं, ओविदनं, धरायचा असं ठरलं होतं. आणि ओविद लाकूडतोडीच्या तळावरून घरी आला तो स्लेजवर आडवा, ओंडक्याखाली पायाचा चुराडा करून. इकडे रात्री गोठायचं, दिवसा वितळायचं, आणि झाडं रसानं नुसती गळत होती. बादल्या भरून वाहायला लागल्या. रस थांबत नाही हो कुणासाठी. दोन दिवस ठेवला की आंबतो.

एमेरान्स तेव्हा एकोणतीस वर्षांची. तिनं नवऱ्याच्या पायाला फळ्या बांधल्या, पोरगं पाठीशी टाकलं आणि बर्फातून खोपटाकडे निघाली. रांगेतले बाप्ये दाराशी उभे राहून हसले. "बाईचा हात लागला की पाक फाटतो," एकजण म्हणाला. ती म्हणाली, "मग तुमच्या बायकोनं तुम्हाला इतकी वर्षं हात लावलाय, तुम्ही कसे नाही फाटलात?" आजही त्याच्या नातवांना ते वाक्य ऐकवतात.

अकरा दिवस माग्लोआर तिपाईवर बसून राहिला आणि ती उभी. तो "उतरव" म्हणायचा आणि ती उतरवायची. काहिलीवर दोरीनं टांगलेला खारवलेल्या चरबीचा तुकडा कशासाठी, तेही तिला तिथंच कळलं. फेस उसळून वर आला की त्या चरबीला शिवतो आणि लाजल्यासारखा खाली बसतो. पसरट लाकडी डाव बुडवून आडवा धरायचा. कडेवरून थेंब टपटपत असतील तर अजून रसच आहे. थेंब एकमेकांना धरून पदरासारखे एकसंध सुटले की पाक झाला. त्यापुढे दोन मिनिटं कुणी डुलकी काढली तर काहिलीला कोळसा.

कामाच्या मधल्या वेळात म्हातारा बोलायचा. "ही विद्या आपल्या बापजाद्यांची नव्हे बरं का पोरी. इथल्या मूळच्या अबेनाकी लोकांनी माझ्या पणजाला झाड दाखवलं, खाच कशी पाडायची ते दाखवलं. सालीच्या भांड्यात तापलेले दगड टाकून रस आटवायचे ते. आपण नुसतं लोखंड आणलं. मिळालेली विद्या कुलपात ठेवली तर ती आंबते."

बाराव्या दिवशी त्यानं तोंड उघडायच्या आत एमेरान्सनं पाक उतरवला. न सांगता उतरवलेल्या पहिल्या पाकाचा पहिला चमचा शिकवणाऱ्याला द्यायचा, ही दुसरी रीत. पटलं तर तो तिपाईवरून उठतो. नाही पटलं तर बसून राहतो. माग्लोआरनं चमचा तोंडात धरला. कितीतरी वेळ धरला. मग एक अक्षर न बोलता उठला आणि बाहेर जाऊन लाकडं रचायला लागला. तिपाई एमेरान्सची झाली.

तिच्या कानाची कीर्ती पुढे चारी रांगांत पसरली. एकदा शेजाऱ्याच्या खोपटावरून जाताना ती आतली खदखद ऐकून बाहेरच थबकली आणि बंद दाराला म्हणाली, "उतरवा की, मेल्यांनो, कशाची वाट बघताय?" आत तीन बाप्ये काहिलीत डोळे घालून बसले होते. त्यांनी उतरवला, आणि त्या वर्षी जत्रेतलं पहिलं बक्षीस त्याच पाकाला मिळालं. एमेरान्सला दुसरं मिळालं. आठवडाभर तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

ओविद गेला, पोरगं मोठं झालं. मुलाचं नाव ओनेझीम. आईवर जीव टाकणारा, पण भित्रा. त्यानं लेव्हीहून, नदीकाठच्या शहरातून, बायको आणली, नोएला. बोटीवर तिकिटं फाडणाऱ्याची लेक. ती नखं रंगवायची. एमेरान्सला तेवढंच पुरलं.

"नखं रंगवून रस गोड होतो का गं?"

"नाही आई. पण मी गोड दिसते," नोएला म्हणायची आणि लाकडं आणायला जायची. सुनेला उत्तर देता येतं हे सासूला आवडलं होतं, पण ते कबूल करायला ती काही दुधखुळी नव्हती. वीस वर्षं तिनं नोएलाला चुलाणात लाकूड सारण्याच्या पुढे येऊ दिलं नाही. "हिच्या डोक्यात नदीची वाळू भरलीय. हिला रसातला आणि पाण्यातला फरक कळायचा नाही."

आणि मग एमेरान्सचे डोळे गेले.

एकदम नाही गेले. त्रेपन्न सालच्या वसंतात काहिलीवरची वाफ जरा दाट वाटली. पुढच्या वर्षी ती वाफ घरातही आली. पंचावन्नला तिला खिडकी कुठं आहे एवढंच कळायचं. तिनं कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ओनेझीमनं उकळत्या पाकाच्या वाऱ्यालाही तिला उभं केलं नसतं. हिवाळाभर ती वसंतातल्या पाकाच्या त्या चार आठवड्यांची वाट बघत लोकर विणायची आणि उन्हाळाभर त्यांची आठवण काढायची. काहील गेली तर खुर्चीत बसून मरणाची वाट बघण्याखेरीज तिला दुसरं काम उरणार नव्हतं. ते तिला नको होतं, बस्स.

मग बाईनं युक्त्या काढल्या. घरापासून खोपटापर्यंत दोनशे बारा पावलं. दारापासून तिपाई सात. डाव खिळ्यावर, खिळा उजव्या खांद्याच्या उंचीवर. आणि हुकूम काढला, की खोपटातली वस्तू जागची हलली तर हात तोडीन. डावावरून टपटप ऐकू आली की रस, टपटप थांबली की पदर सुटला. पाक तर तसाच उतरत होता, सोन्यासारखा. "आईला सत्तरीतही कसं खणखणीत दिसतं," ओनेझीम लोकांना सांगायचा. भोळा बिचारा.

छप्पन्न साली ईस्टरच्या आदल्या आठवड्यात तो गावातून थर्मामीटर घेऊन आला. लांब काचेची नळी, आकडे कोरलेले. दोनशे एकोणीस फॅरनहाइट अंशांवर पाक होतो असं दुकानदारानं सांगितलं होतं. ओनेझीमनं बायकोच्या लाल नेलपॉलिशनं तिथं रेघ मारली.

"आई, आता तुला वाफेत उभं राहायला नको. रेघेला पारा टेकला की उतरवायचं. शनिवारी मी उतरवून बघतो. जमलं तर पुढच्या वर्षीपासून तू घरी शेगडीपाशी आरामात बस."

"त्या काडीला ताप आला तर पाकाला अंथरुणात घालशील का?"

"चेष्टा नको गं. तुझं वय झालं."

"वय तर या झाडांचंही झालंय. त्यांनाही बसव शेगडीपाशी."

पण ओनेझीम हट्टाला पेटला होता, आणि भित्रा माणूस हट्टाला पेटला की देवही हात टेकतो. एमेरान्सला त्या रात्री झोप लागली नाही.

शनिवार उजाडला तो ढग छपरावर टेकवूनच. हवा उबदार, ओली, कोंदट. झाडं सुटली होती नुसती. ओनेझीमनं आणि नोएलानं घोड्यानं ओढायच्या पिंपातून तीन फेऱ्या रस आणला. मग ओनेझीम तिपाईवर बसला. एमेरान्स भिंतीकडच्या बाकावर, मांडीवर हात ठेवून. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला त्या खोपटात काम नव्हतं.

ती ऐकत होती. आधी काहिलीचा आवाज पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा होता. मग तो जाडा झाला. मग बुडबुडे सावकाश, जड फुटू लागले. वासातला हिरवेपणा गेला. तिला सासऱ्याचं वाक्य आठवलं, "ढग टेकले की पाक घाई करतो."

"उतरव," ती म्हणाली.

"अजून दोन घरं आहेत, आई."

"ओनेझीम, उतरव."

"अगं, पारा रेघेला लागला नाही अजून!"

"पाऱ्याला काय कळतंय? उतरव म्हणते ना, गाढवा!"

"तू जरा गप्प बस ना गं!" ओनेझीम कधी नव्हे ते ओरडला. काहिलीच्या कोपऱ्यातून एक कडवट, बारीकसा वास आला. करपायची पहिली वर्दी. एमेरान्स उठली. बाकापासून चुलाण पाच पावलं, वाट मोकळी. तिनं झपाट्यानं पाय टाकला. आणि तिसऱ्या पावलाला, ओनेझीमनं सकाळीच तिथं आणून ठेवलेल्या गाळणीच्या नव्या पिंपावर ती धाडकन आदळली.

दारातून लाकडं घेऊन आत येणाऱ्या नोएलानं ओझं फेकून तिला कमरेला धरलं, नाहीतर म्हातारी थेट काहिलीत गेली असती. ओनेझीम तिपाई उलटवून आईकडे धावला. काहिलीपाशी कुणीच उरलं नाही.

"माझं मढं सोडा!" एमेरान्स किंचाळली. "काहील बघा! नोएला, बर्फ!"

नोएलानं सासूला सोडलं. अक्षरशः सोडलं, म्हातारी फळ्यांवर दणकन बसली. दारातला बर्फ दोन फावडी भरून चुलाणात. फस्सकन वाफ. मग तोटी उघडली. पाक घळघळ तोटीखालच्या पिंपात गेला. काहिलीचा तळ दिसायच्या आत तिनं थंड रसाची बादली ओतली. एकही गोष्ट मागेपुढे नाही. हे तिला कुणी कधी शिकवलं नव्हतं.

ओनेझीम आईसमोर गुडघ्यावर बसला होता. पाण्याच्या घागरीएवढं ते पिंप, आंधळ्यालाही चुकवता यावं असं. आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"आई," तो म्हणाला, "तुला दिसत नाही."

"दिसतं की. तू मूर्ख आहेस हे मला अगदी स्पष्ट दिसतंय."

"आई."

मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि एमेरान्स बोल्द्युक, जिनं नवऱ्याच्या थडग्यावरही मान ताठ ठेवली होती, ती फळ्यांवर बसल्या बसल्या लहान पोरीसारखी रडली. "घरी नको बसवूस रे मला. एवढंच करू नकोस," ती म्हणाली.

"तीन वर्षं झाली," नोएला हात पुसत म्हणाली. "त्रेपन्नपासून."

ओनेझीमनं वळून बघितलं. "तुला माहीत होतं?"

"तुम्ही दर संध्याकाळी कुऱ्हाड दारात टाकायचात. मी उचलायची. डाव भलत्याच खिळ्याला लावायचात. मी परत लावायची. सकाळी आईंच्या आधी येऊन मी सगळं जागेवर आहे का बघून जायची. आज तेवढं पिंप राहिलं, रसाच्या फेऱ्यांत वेळच झाला नाही. चूक माझी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना घरी बसवलं असतं. मग ऐकलं कुणी असतं? तीन वर्षं मीही ऐकतेय. त्या उतरवा म्हणायच्या आत माझेही हात शिवशिवतात."

एमेरान्सनं रडणं थांबवलं. इतकी वर्षं तिला वाटायचं, आपल्या हुकमाच्या धाकानं खोपटातली चिमूटभर धूळही हलत नाही. धाक कसला, कपाळ! ज्या पोरीच्या डोक्यात तिनं वाळू भरली होती, ती रोज पहाटे बर्फातून येऊन तिची वाट मोकळी करत होती. तिला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली की तिला राग यायचा, तसा तो आला.

"बघत काय बसलात? उठवा मला," ती ओरडली. "आणि ती काडी साध्या पाण्यात बुडवून उकळा. बघू काय म्हणते."

ओनेझीमनं किटलीत पाणी उकळलं, थर्मामीटर घातला. दोनशे बारावर उकळायला हवं ते पाणी दोनशे दहालाच खळखळत होतं. वादळाआधीची हलकी हवा, दाब कमी. पाणी घाईत, तसा पाकही घाईत. त्याची लाल रेघ आजच्यापुरती दोन घरं वर होती. तो नळीकडे आणि आईकडे आळीपाळीनं बघत राहिला.

"काडी वाईट नाही," एमेरान्स मोठ्या मनानं म्हणाली. "तिला रोज सकाळी विचारायला हवं, आज बरं आहे ना म्हणून."

तरी ओनेझीम घुटमळला. "पण आई, आग, उकळता पाक... तू इथं कशी..."

नोएलानं उलटलेली तिपाई उचलली. आमच्या रांगेत कुणाची छाती झाली नसती असं तिनं केलं. ती तिपाई तिनं जागेवरून हलवली. चुलाणापासून चार पावलं मागे, भिंतीजवळ, धग लागेल पण वाफ पोचणार नाही अशी ठेवली. मग सासूचा हात धरून तिला तिथं आणलं.

"दारापासून नऊ पावलं, आई. सात नाही, नऊ. मी हात चालवते, तुम्ही ऐका."

ओनेझीमनं श्वास रोखला. एमेरान्सनं तिपाईची कड चाचपली, चुलाणाचं अंतर गालावरच्या धगीनं मोजलं, आणि बसली. "नऊ," ती म्हणाली. "ठीक. डाव घे हातात. नखं सांभाळ."

त्यानंतरचे तीन वसंत खोपट असं चाललं. ओनेझीम पहाटे थर्मामीटरला पाण्यात तपासायचा, त्या दिवसाची रेघ मारायचा आणि तो चरबीच्या तुकड्याशेजारी टांगायचा. नोएला डाव धरून उभी. म्हातारी तिपाईवर डोळे मिटून. "उतरव," ती म्हणायची, आणि पारा तेवढ्यातच रेघेला टेकायचा. बघायला माणसं यायची. बर्फावर ओतलेल्या पाकाची चिकट तार काडीला गुंडाळून चघळायची आणि सासू-सुनेची भांडणं ऐकायची. दोघीही काहिलीतलं काही तोंडाला लावायच्या नाहीत. नोएलाला ती रीत कुणी सांगितली नव्हती. वीस वर्षं लाकडं सारताना तिनं ती बघितली होती.

एकोणसाठच्या एप्रिलातली एक दुपार. उन्हानं छपरावरचा बर्फ धपाधप खाली पडत होता, त्यामुळे काहिलीचा आवाज मधूनच बुडत होता. एमेरान्सनं मान तिरपी केली. छपरावरून मोठा ढीग घसरला. तो पडायचा आवाज विरला तेव्हा तिनं "उत..." म्हणायला तोंड उघडलं, आणि ऐकलं तर तोटीतून पाक केव्हाचा घळघळ वाहत होता.

"काढलास?"

"हो."

"मी म्हणायच्या आत?"

"वेळ झाली होती, आई."

ओनेझीमनं हातातलं लाकूड हळूच खाली ठेवलं. नोएलानं लाकडी चमचा भरला, फुंकर घातली, आणि सासूच्या हातात दिला.

एमेरान्सनं चमचा तोंडात धरला. कितीतरी वेळ धरला. रीतीप्रमाणे बोलायचं नसतं. पण जन्मात जिनं तोंड आवरलं नाही, ती त्या दिवशी काय आवरणार?

"अगं बाई!" ती म्हणाली. "हे एवढं चांगलं असतं होय गं? आणि मी अठ्ठेचाळीस वर्षं दुसऱ्यांना वाटत बसले!"

मग ती तिपाईवरून उठली. नोएला पुढे झाली, "आई, बसा ना, पाय दुखतील तुमचे."

"तुझी तिपाई आहे ती. माझ्या ढुंगणाला सांगू नकोस कुठं बसायचं ते."

नोएला बसली. एमेरान्स भिंतीला हात न लावता दाराकडे निघाली, ताठ मानेनं, मोठ्यानं पावलं मोजत. एक, दोन, तीन. ओनेझीम धरायला धावला, तर नोएलानं त्याला हातानं थांबवलं. म्हातारी नऊ मोजून उंबऱ्याशी पोचली आणि बाहेर उन्हात जाऊन लाकडं चाचपू लागली. वाटेत काहीच आडवं आलं नाही. नोएलानं ते पहाटेच येऊन बघून ठेवलं होतं.